लाईट गेली की ती येते

१

एरवी मागच्या खोलीची कडी वाजायची खोटी, आत बाजार भरायचा. कोंबड्या गळा काढायच्या, पिल्लं खोक्याच्या काठावर चढून एकमेकांना ढकलायची. त्या सकाळी धाकटीने कडी काढली, दार लोटलं, आणि आतून कुणी हूं की चूं केलं नाही.

बाहेर धुकं होतं. त्याचा एक पांढरा पट्टा धाकटीच्या आधी आत शिरला आणि जमिनीवर पसरला. त्यात तिची पाखरं पडली होती. कोंबड्या भिंतीला टेकून, पिल्लं एकमेकांच्या अंगावर माना टाकून. पीस विस्कटलेलं नाही की रक्ताचा थेंब नाही. कुणीतरी थोपटून निजवावं तशी सगळी निजली होती.

गुरांची डॉक्टरीण आली तेव्हा धुकं अजून शेतावरच लोळत होतं. जनावरांशी गोड आणि माणसांशी तुटक बोलणारी ही बाई पंचक्रोशीत डॉक्टरीणबाई म्हणूनच ओळखली जायची. त्या उकिडव्या बसल्या, एक कोंबडी उचलून मांडीवर घेतली आणि फुंकर मारून पिसं बाजूला केली. मग तुरा बोटांत धरून बराच वेळ पाहत राहिल्या.

मेलेल्या कोंबडीचा तुरा काळानिळा पडतो. हिचा तुरा लालचुटूक होता, जणू आत्ताच नटून कुठे निघाली होती. पिसांखालची कातडीही गुलाबी.

"विष घातलंय," धाकटी दारातूनच म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "पाण्यात. रोगाने मरतात तेव्हा एकेक मरतात, डॉक्टरीणबाई. सगळी एकदम नाही मरत."

"कुणी घातलं?"

धाकटीने आत, घराच्या दिशेने पाहिलं. स्वयंपाकघरात वहिनी भांडी लावत होती. त्या खणखणाटातही धाकटीने आवाज खाली आणला.

"बाहेरचं कोण येणार इथे? घरातलंच आहे कुणीतरी."

डॉक्टरीणबाईंनी पाण्याचं भांडं उचललं, वास घेतला आणि मान हलवली. एक कोंबडी त्यांनी परसात नेऊन चिरली. रक्त चेरीसारखं लाल, अजून ताजं वाटावं असं. त्यांनी हात धुतले, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

"मी सांगेपर्यंत इथे कुणी पाऊल टाकायचं नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात ओट्यावरून एक थकलेला आवाज आला. "किल्ली मला द्या, बाई. माझ्या चपला आत राहिल्यात."

२

ते धाकटीचे वडील. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते चादर गुंडाळून ओट्यावरच्या खुर्चीत बसले होते. मागच्या खोलीतच त्यांची खाट होती, पण आदल्या संध्याकाळी ते तिथून उठून बाहेर आले होते आणि खुर्चीतच झोपी गेले होते.

"का उठून आलात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आत उकडत होतं."

डॉक्टरीणबाईंच्या तोंडातून वाफ निघत होती. त्यांनी अण्णांच्या पायांकडे पाहिलं. पायांत चपला होत्या. "या नाहीत, दुसऱ्या," अण्णा घाईने म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी किल्ली दिली नाही.

हे घर विजेच्या तारेच्या अगदी शेवटच्या खांबावर होतं. वीज इथवर पोचायची ती दमून, आणि बरेचदा पोचायचीच नाही. संध्याकाळ झाली की दिवे पिवळे व्हायचे, मग तांबूस, मग नाहीसे. धाकटीचं अंडी उबवायचं यंत्र पुढच्या कोठीत होतं. ते गार पडलं की सगळी अंडी वाया. पंप बंद, फ्रीज बंद. म्हणून काहीतरी सोय करायची असं ठरलं आणि त्या सोयीवरून घरात जी जुंपली ती मिटायचं नावच घेईना. धाकटीला बॅटऱ्या आणि छपरावर सौर पाट्या हव्या होत्या. थोरल्या भावाने न विचारता जनरेटर आणून ठेवला.

"एवढं सगळं ओढायचं तर मशीनच पाहिजे," थोरला म्हणाला. तो दारात उभा राहून हाताला लागलेलं तेल फडक्याने पुसत होता. "बॅटरी म्हणजे डबक्यातलं पाणी. चार दिवस ढग आले की डबकं आटलं. मशीनचं तसं नाही, तेल ओता, चालू. आणि मी काय घरात ठेवलंय का ते? पार तिकडे, जुन्या पंपघरात. धूर घरात येऊ नये म्हणून."

"तुम्हाला बहिणीची पाखरं आवडत नव्हती?"

"मला? मीच तिला खोकी करून दिली." थोरल्याचा चेहरा पडला. "ती काय म्हणाली, मी मारली?"

डॉक्टरीणबाई वहिनीकडे वळल्या.

वहिनी मनातलं लपवणारी बाई नव्हती. "मला त्या पाखरांचा वास सहन होत नाही, खोटं कशाला बोलू? आणि त्या मशीनचा आवाज त्याहून नाही. सुरुवातीला तर डोक्यात कुणी खलबत्ता कुटतंय असं व्हायचं. मी माहेरी जाईन म्हणाले होते. पण आता मशीन रुळलं. हल्ली नुसता गुणगुणल्यासारखा आवाज येतो, झोपसुद्धा लागते."

"आपोआप रुळलं?"

"माणसं नाही का रुळत? तसंच." वहिनी जराशी हसली आणि लगेच गंभीर झाली. "वासाचं म्हणाल तर मी अण्णांना हजारदा सांगितलं, पुढच्या खोलीत झोपा. चांगली उबदार खोली. पण नाही! अलीकडे हट्टाने खाट त्या कोंबड्यांत नेऊन टाकली. सासूबाई गेल्यापासून त्यांचं मन थाऱ्यावर नाही. एकटेच हसतात, बाई. लाईट गेल्यावर तर जास्तच."

३

बॅटरीवाल्याचं दुकान बाजाराच्या वळणावर होतं. आदल्या दिवशी तो त्या घरी गेला होता, आणि जनरेटरमुळे त्याचं गिऱ्हाईक तुटलं होतं. जनरेटरवर बालंट आलं तर फायदा त्याचाच होता. डॉक्टरीणबाई दुपारी दुकानात शिरल्या तेव्हा तो एका म्हाताऱ्या जोडप्याला समजावत बसला होता.

"आधी मला सांगा, अंधारात तुम्हाला काय काय चालू हवं? सगळंच हवं म्हणू नका. सगळं तर उजेडातसुद्धा चालू नसतं."

जोडपं विचार करायला बाहेर पडलं. मग तो डॉक्टरीणबाईंकडे वळला. पाखरं मेल्याचं ऐकून त्याने कपाळावर हात मारला.

"आणि संशय माझ्यावर? अहो, मी बॅटऱ्या विकतो, कोंबड्या मारत नाही!"

"काल तिथे काय केलंत?"

"छप्पर मोजलं. धाकट्या बाईंनी बोलावलं होतं. त्यांना म्हटलं, पंप दिवसा उन्हावर चालवा, संध्याकाळी बॅटरीवर फक्त उबवणी यंत्र, फ्रीज आणि दिवे. आरामात भागतं. पण भाऊ ऐकेना. मी म्हणालो, दादा, जनरेटर म्हणजे घोडा. काम नसलं तरी लीद काढावीच लागते. त्यावर त्याने मला हात जोडून निरोप दिला." तो स्वतःच्याच विनोदावर हसला, मग मान खाली घालून म्हणाला, "पण खरं सांगू? परत येताना माझंच मन खट्टू झालं. तेवढ्यात लाईट गेली होती. पंपघरात मशीन चालू. मी मुद्दाम थांबून पाहिलं. आवाज अगदी मऊ. आणि धूर बाहेर जायच्या भिंतीतल्या भोकातून धुराचा एक धागा नाही! थंडीत तर धूर ढगासारखा दिसतो. मनात म्हटलं, असलं मशीन निघालं असेल तर आपण दुकानाला टाळं लावावं."

डॉक्टरीणबाई उठता उठता परत बसल्या.

"मशीन चालू होतं आणि धूर नव्हता?"

"नव्हता. डोळ्यांनी पाहिलं."

"मग तो गेला कुठे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण ते बॅटरीवाल्याला उद्देशून नव्हतं.

४

त्या परतल्या तेव्हा ऊन मधासारखं घट्ट होऊन भिंतींवर साचलं होतं. शेतापलीकडून धुकं पुन्हा उठायला लागलं होतं. अण्णा अजून ओट्यावरच होते. डॉक्टरीणबाई शेजारी बसल्या आणि गाईच्या मानेवर ठेवावा तसा त्यांच्या मनगटावर हात ठेवून नाडी पाहू लागल्या. म्हाताऱ्याच्या नखांत राखाडी चिखल होता, अजून ओलसर.

"बागकाम करता?"

"छे. आता कुठलं?" अण्णांनी हात चादरीत ओढून घेतला. "उभा जन्म विहिरी खणल्या. माती काय, सुटत नाही लवकर."

दूरवर कुणाचं तरी वासरू हंबरत होतं. अण्णा पुन्हा बोलले, ते जणू झोपेतून.

"माझी बायको येते, बाई. तुम्ही शिकलेल्या आहात, हसाल."

"मी हसत नाही."

"लाईट गेली की येते. आधी खोली हलकी होते, पाण्यावर तरंगल्यासारखी. पाखरांचा आवाज लांब जातो. मग दार वाजतं आणि ती येते. अंगावर तिची तीच जुनी लोकरीची शाल. कपाळावर हात ठेवते. हात ऊन असतो, जरा दमट. 'पाणी देऊ का?' म्हणते. एवढंच. मी होही म्हणत नाही आणि नाहीही. बोललो तर जाईल असं वाटतं." ते हसले. दात पडलेलं, लहान मुलासारखं हसू. "काल मात्र आली नाही. फार वेळ वाट पाहिली."

डॉक्टरीणबाईंनी वळून मागच्या खोलीच्या कुलपाकडे पाहिलं.

धाकटी चहा घेऊन आली. तिचा चेहरा सुजलेला होता. "काल तू पाखरांना शेवटचं कधी पाहिलंस?" डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं.

"दिवेलागणीला दाणे घातले तेव्हा. मग लाईट गेली. मी यंत्रातली अंडी फिरवायची दादाला सांगितली आणि जाऊन पडले. डोकं ठणकत होतं. हल्ली संध्याकाळी दुखतंच, परवा तर कोठीच्या दारात भोवळ आली."

अण्णांनी झटकन तिच्याकडे पाहिलं. कपातला चहा बशीत सांडला.

"थोरल्या!" त्यांनी हाक मारली. "आज लाईट गेली तर मशीन लावू नको."

"अण्णा, अंडी गार पडतील," थोरला आतून म्हणाला. "पाखरं गेलीच, आता तिची अंडीही घालवू?"

"एक दिवस अंधारात बसू रे."

"काहीतरीच!"

डॉक्टरीणबाई उठल्या. उजेड आहे तोवर खोली एकदा नीट पाहावी म्हणून त्यांनी कुलूप काढलं आणि दार मागे लोटून घेतलं. पिल्लांच्या उबेसाठी खिडक्यांच्या फटी चिंध्यांनी बुजवलेल्या होत्या. ही खोली पूर्वी न्हाणीघर असावी, जमिनीला अजून उतार होता. त्या खाटेजवळ वाकल्या. खाटेखाली काहीतरी काळं, गोल दिसत होतं.

तेवढ्यात वरचा दिवा पिवळा झाला, तांबूस झाला आणि विझला.

५

लांब कुठेतरी मशीन गुणगुणायला लागलं आणि दिवा परत आला. वहिनी म्हणाली होती तसंच, झोप यावी असा आवाज. डॉक्टरीणबाई जमिनीवर बसल्या होत्या. आपण खाटेखाली काय पाहत होतो ते त्यांना आठवायचं होतं, पण घाई वाटेना. कसलीच घाई वाटेना. पाठीमागे खाटेचा पाय होता, त्यावर त्यांनी डोकं टेकलं.

दिव्याभोवती एक सोनेरी कडं उमटलं आणि हळूहळू मोठं होत गेलं. खोक्यांच्या सावल्या भिंतीवरून सरकून छपरात जाऊन बसल्या. खोली खरंच हलकी झाली. मग भिंतीतून एक गाय आली. पांढरी, मोठ्या डोळ्यांची. पहिल्याच नोकरीत, पहिल्याच हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंना वाचवता न आलेली गाय. ती खोलीतून संथ चालत गेली, जाताना तिने डॉक्टरीणबाईंच्या केसांना नाक लावलं. तिचा त्यांच्यावर राग नव्हता. डॉक्टरीणबाईंना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आता इथेच बसावं. उठून करायचंय काय?

दार धाडकन उघडलं.

"उठा! श्वास धरा, उठा!"

कुणीतरी त्यांच्या बगलेत हात घातले. तोंडावर ओलं फडकं बांधलेला एक म्हातारा. त्याच्या हातात एवढं बळ असेल असं कुणाला वाटलं नसतं. त्याने त्यांना उंबऱ्यावरून ओढत परसात आणलं आणि गवतावर टाकलं. गार हवा सुरीसारखी छातीत शिरली. डॉक्टरीणबाई कुशीवर वळून ओकल्या.

"मशीन बंद कर!" अण्णा पंपघराकडे तोंड करून ओरडत होते. "थोरल्या, मशीन बंद कर आधी!"

गुणगुण थांबली. घर अंधारात बुडालं. हळूहळू डॉक्टरीणबाईंचं डोकं जागेवर आलं आणि सगळ्यात आधी त्यात एकच प्रश्न उभा राहिला. आत काय चाललंय हे या माणसाला बाहेर बसून कसं कळलं?

६

त्या रात्री अंडी स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला ठेवली आणि सगळे पुढच्या खोलीत दारं उघडी टाकून झोपले. सकाळी डॉक्टरीणबाई एकट्याच पंपघरात जाऊन आल्या. मग मागच्या खोलीची दारं-खिडक्या सताड उघडून त्यांनी घरच्यांना आत बोलावलं.

"विष होतं, पण पाण्यात नाही," त्या म्हणाल्या. "हवेत होतं. मशीनच्या धुरात एक वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरला की रक्त लालभडक होतं आणि माणूस झोपेत जातो. पाखरांचा श्वास भराभर चालतो, म्हणून ती आधी गेली."

"पण मशीन पंपघरात आहे!" थोरला म्हणाला.

"हो. आणि त्याचा आवाज एकाएकी कमी झाला, धूरही दिसेनासा झाला. मशीन माणसासारखं रुळत नाही, वहिनी. कुणीतरी धुराची नळी भिंतीतून काढून आत वळवली आणि जमिनीतल्या जुन्या मातीच्या नळीत खुपसली. मी आत्ता पाहून आले. काजळी त्या लांब नळीतच राहिली, उरलेला वास पाखरांच्या वासात बुडाला."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मी वळवली," तो म्हणाला. "हिचं डोकं फुटायची वेळ आली होती. म्हटलं आवाज मातीत जिरेल, धूरही जिरेल. ती नळी पूर्वी पंपाचं पाणी या न्हाणीघरात आणायची, हे मला माहीत होतं. म्हणूनच आधी येऊन पाहिलं. इकडचं तोंड गच्च बंद होतं, डॉक्टरीणबाई! लाकडी बोळा, वर चिखलाचा लेप. मी हाताने हलवून पाहिला."

डॉक्टरीणबाईंनी खाट बाजूला सरकवली. भिंतीच्या पायथ्याशी नळीचं काळं, गोल तोंड उघडं होतं. बोळा शेजारी पडला होता. त्यावरचा चिखल राखाडी आणि ओलसर होता.

अण्णा स्वतःच बोलले.

"मी काढायचो."

वहिनीने तोंडावर हात ठेवला.

"ही नळी मीच घातली," अण्णा म्हणाले. "तुमच्या आईला पाणी वाहावं लागू नये म्हणून. पहिल्यांदा चिखल वाळून भेगाळला होता तेवढ्यातून धूर आला असेल. मी इथे पाखरांत बसून पेंगत होतो आणि ती आली. दुसऱ्या वेळी डोकं जड झालं तेव्हा मला कळलं. विहिरीत इंजिन उतरवून पाणी उपसणारी माणसं मी दोराने वर काढलीयत. गाल गुलाबी, तोंडावर हसू. मला काय होतंय ते मला पक्कं ठाऊक होतं. मग मीच बोळा काढायला लागलो. थोडा वेळच. ती येऊन गेली की परत बसवायचो, चिखल थापायचो, खिडकी उघडायचो. परवा ती आलीच नाही. वाट पाहत बसलो. पाखरं गप्प झाली तेव्हा भानावर आलो आणि कसाबसा बाहेर पडलो. बोळा बसवायचं राहिलं. काल बसवणार, तर तुम्ही कुलूप घातलेलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," धाकटी म्हणाली. "माझी पाखरं इथे आहेत हे माहीत होतं."

"माझ्या जिवाचं मी ठरवलं होतं, पोरी. पाखरांचा विचार मनात आला नाही. लाज वाटते, पण आला नाही."

"आणि माझा?"

अण्णांना कळेना. डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात मधे पडल्या.

"संध्याकाळी लाईट गेली की तू काय करतेस, ते सांग त्यांना. परवा सोडून बाकीच्या दिवशी."

"यंत्रातली अंडी फिरवते," धाकटी म्हणाली. "मग अण्णांकडे एक चक्कर मारते. ते अर्धवट झोपेत असतात. ताप तर नाही ना म्हणून कपाळाला हात लावते. पाणी देऊ का विचारते..."

ती थांबली. यंत्रात ऊब आणि ओल दोन्ही राखावी लागते. त्यातून बाहेर आलेले हात ऊन आणि दमट असतात. आईची शाल तिने थंडी सुरू झाल्यापासून अंगावरून काढली नव्हती.

"अण्णा," ती म्हणाली, "ती मी होते."

म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला. परवा धाकटी आली नाही आणि परवाच बायको आली नाही. आपण जिला बोलावत होतो ती रोज या उंबऱ्यातून आत येत होती, आपण उघडलेल्या तोंडातून आलेली हवा छातीत भरून घेत होती आणि डोकं धरून जात होती. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटत गेलं. ते खाटेवर बसले. रडले नाहीत. नुसतं "अरे देवा" म्हणाले, अगदी बारीक आवाजात, दोनदा.

धाकटी शाल सावरून खोलीबाहेर निघून गेली.

७

बरेच दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. ताट पुढे ठेवायची, कपडे धुवायची, पण शब्द नाही. अण्णांनीही तिची मनधरणी केली नाही. त्यांनी सिमेंट कालवलं, गुडघे टेकून नळीचं तोंड कायमचं बुजवलं आणि खाट पुढच्या खोलीत नेली. वहिनी म्हणाली, मला आवाज नको म्हणून हे झालं. थोरला म्हणाला, नळी तर मी वळवली. कुणी कुणाचा दोष हिसकावून घ्यायचा यावरूनच घरात नवीन वाद सुरू झाला. डॉक्टरीणबाई तपासायला येत तेव्हा त्यांना तो वाद ऐकून बरं वाटे.

सोय कोणती करायची हे मात्र अण्णांनी एका वाक्यात मिटवलं. "श्वास न घेणारं काहीतरी आणा," ते म्हणाले.

बॅटरीवाला छपरावर चढला तेव्हा खाली शिडी धरायला थोरलाच होता. पंप दिवसा उन्हावर, संध्याकाळी यंत्र, फ्रीज आणि दिवे बॅटरीवर. जनरेटर थोरल्याने विकला नाही. शेताच्या पार टोकाला, उघड्यावर, नुसत्या पत्र्याखाली नेऊन ठेवला. आभाळ भरून राहिलं तरच वापरायचा. "घोडा आहे, असू दे," बॅटरीवाला मोठ्या मनाने म्हणाला. "फक्त तबेला घरापासून लांब हवा."

मग एका संध्याकाळी डॉक्टरीणबाई अशाच डोकावल्या असताना समोरच्या टेकडीवरची वस्ती विझली. एकेक दिवा नाही, सगळी एकदम, कुणी पाटी पुसावी तशी. ओट्यावरून अण्णांना ते दिसलं. त्यांनी मान वळवून आपल्या घराकडे पाहिलं. खिडक्यांत दिवे तसेच होते. ना धडधड, ना गुणगुण. आत वहिनी थोरल्याला कशावरून तरी बोलत होती आणि तिचं वाक्यसुद्धा तुटलं नव्हतं. अण्णा त्या शांततेत बसून राहिले. ते वाट पाहत होते की नव्हते, डॉक्टरीणबाईंना सांगता आलं नसतं. कोणी आलं नाही. फक्त धुकं वर चढत होतं.

थोड्या वेळाने कोठीचं दार वाजलं. धाकटी कोपरात चिंध्या अंथरलेली अंड्यांची टोपली अडकवून, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्यात अंडं घेऊन आली. अण्णांच्या खुर्चीपुढे खाली बसली. वर न पाहताच बोलली.

"हे धरा. माझे हात दोनच आहेत."

अण्णांनी दोन्ही हातांच्या बोटांत अंडं धरलं. तिने मागून टॉर्च लावला. कवच उजळलं, आतून तांबूस झालं. बारीक लाल रेघा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरल्या होत्या आणि मधे एक काळा ठिपका होता.

"हललं का?" अण्णांनी श्वास रोखून विचारलं.

"थांबा. बघा आता."

ठिपका हलला. अण्णांनी इतकं जपून अंडं धरलं होतं की बोटांची टोकं पांढरी पडली.

"याला कळलं असेल का गं, लाईट गेलेली?"

"कुणालाच कळली नाही," धाकटी म्हणाली. तिच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. तिने ते अंडं काढून टोपलीत ठेवलं आणि उठू लागली.

अण्णांनी दोन्ही हात तसेच पुढे धरून ठेवले.

"दे," ते म्हणाले, "पुढचं दे."